नाताळच्या गाण्याचा इतिहास सांगून मी काय कमावलं

मंडळी, आज थकलो. चामोर्शीला पुतणीच्या शाळेत पालकसभा होती. गॅदरिंगमधल्या नाताळच्या कार्यक्रमात ती घंट्यांचं आणि घसरगाडीचं ते प्रसिद्ध नाताळचं गाणं गाणार होती. ते गाऊ द्यायचं की नाही, यावर सभा.

एक पालक म्हणाले, "दुसऱ्या धर्माचं गाणं आपल्या पोरायले काऊन?"

मला वाटलं, इतिहास सांगितला की भांडण मिटेल. म्हटलं, "भाऊ, त्या गाण्यात येशू नाई, नाताळही नाई. जुन्या काळी अमेरिकेतली पोरं पोरीला शेजारी बसवून बर्फावर घोड्याच्या गाड्या पळवायची, त्या मौजेचं गाणं आहे ते. नाताळ त्याला मागाहून चिकटला."

मागच्या बाकावरचे एक बैलजोडीवाले खुलले. "म्हणजे आपला शंकरपटच की! शर्यतीत बैलाच्या जागी घोडा. मंग गाऊ द्या न!"

"पोरगी बाजूले बसवून?" पहिले पालक दचकले. "हे तं धर्मापेक्षा वाईट झालं!"

मुख्याध्यापकांनी कपाळ चोळलं. "जाऊ द्या. नाताळचंच नाही, तर नाताळच्या कार्यक्रमात ठेवायचं कशाला?" गाणं रद्द झालं.

महिनाभर बाथरूममध्ये सराव केलेली पुतणी दारातून सगळं ऐकून गाडीवर माझ्यामागे बसली. घर आल्यावर उतरली आणि म्हणाली, "काका, तुमाले एवढं माहीत होतं, तं चूप बसता येत नव्हतं काय?"

तेव्हापासून घरात मी चूप आहे. तिला काय उत्तर देऊ, तुम्हीच सांगा.