कपाटाचा पिक्चर आणि आमचे मोठे भाऊजी

सुतकात टीव्ही मीच लावला होता. दुसऱ्या कोणाचं नाव घेऊ नका.

मोठ्या भाऊजींना जाऊन आज वर्ष झालं. सकाळी श्राद्ध झालं, जेवणं उरकली. सगळे आडवे झालेत आणि मी मोबाईल घेऊन बसलेय.

भाऊजी म्हणजे माझ्या मिस्टरांचे थोरले भाऊ. इथे भिवंडीतच पॉवरलूमवर जॉबर होते. लूम बिघडला की हे धावणार.

त्या खटखटीत कान गेले होते. लूमवर कोणाचं कोणाला ऐकू येत नाही, ओठ बघून समजून घेतात. घरीही तीच सवय.

ते आणि माझी जाऊ, सुमनताई, आवाज न काढताच बोलायचे. ते पलंगावर, त्या ओट्याशी. नुसते ओठ हलायचे.
भांडण चाललंय की चहा मागतायत, आम्हाला पत्ता नाही.

त्यांचा आवडता पिक्चर एकच. खरं नाव आमच्यापैकी कोणालाच आठवत नाही. थिएटरला आठवडाभर तरी टिकला असेल की नाही देव जाणे. पेन ड्राइव्हमध्ये कोणाकडून तरी भरून आणला होता. आमच्याकडे त्याला 'कपाटाचा पिक्चर' म्हणतात.

गोष्ट एवढीच. एक माणूस बायकोसाठी लोखंडी कपाट घेतो. ते जिन्याच्या वळणावर अडकतं. वर जात नाही, खाली येत नाही.

बस. पुढे सगळा पिक्चर तेच.

बिल्डिंगमधले लोक अंग चोरून, आडवे होऊन ये-जा करतात. अबोला धरलेल्या दोन शेजाऱ्यांना "तुम्ही आधी", "नको, तुम्ही आधी" म्हणावं लागतं. एक म्हातारी त्यात पापडाचा डबा ठेवून देते. आणि त्या माणसाची बायको रोज संध्याकाळी जिन्यात येऊन, कपाट उघडून, साड्यांच्या घड्या घालत बसते.

शेवटी कपाट निघतं. जिना मोकळा होतो.
तरी सगळे त्या वळणावर आडवे होऊनच जातात.

लूमवरचा एक भैया बघून म्हणाला होता, "मास्टर, इसमें फाइट किधर है?"
भाऊजी म्हणाले, "फाइट नहीं है. सीढ़ी है."

भाऊजींच्या मते तो फार मोठा पिक्चर. मला तो पटायचा नाही. मी मॅट्रिक झालेली, रोज पोथी वाचणारी बाई. घराचा जमाखर्च माझ्याकडे. लाइट जाळून पिक्चर बघायचा तर त्यात देव तरी पाहिजे, नाहीतर पदर ओला तरी झाला पाहिजे.

"भाऊजी, याला काय मोठा पिक्चर म्हणायचं?"

"यात कोणी ओरडत नाय बघ. आणि हसवायला म्हणून कोणाला येडा नाय केलाय."

हे ते एवढ्या मोठ्याने म्हणायचे की खालच्या मजल्यावर ऐकू जायचं.

ते गेले तेव्हा सुमनताई रडल्या नाहीत.

भेटायला येणाऱ्या बायका आधी ताईंच्या डोळ्यांकडे बघायच्या, मग माझ्याकडे. वळ गावच्या मावशी, म्हणजे भाऊजींच्या सख्ख्या मावशी, रोज यायच्या. मला कोपऱ्यात घेऊन म्हणायच्या, "बाय रडली न्हाय अजून. रडवा तिला, न्हायतर छातीत बसंल."

रडवायचं कसं? कोणी फोटो पुढे धरला. कोणी त्यांच्या आवडीच्या भाजीची आठवण काढली. ताई बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघत राहायच्या. जेवण म्हणजे दोन घास. पुढे पुढे तेही नाही. मला भीती वाटायला लागली होती.

एका दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. ताई म्हणाल्या,

"कपाट लाव ना गं."

मला कळायलाच वेळ लागला.

देवघराला पडदा. कोपऱ्यात त्यांच्या नावाचा दिवा. टीव्हीवर पहिल्याच दिवशी मी स्वतः चादर टाकलेली. सुतकात आमच्याकडे टीव्ही लागत नाही, म्हणजे नाहीच.

मी उभी राहिले. मनात वज्रेश्वरी आईला विचारलं. मग माझं मीच ठरवलं. सुतकात गाणंबजावणं नको, घरातून आवाज जायला नको, असंच ना? मग आवाज नाही जाणार.

चादर काढली. पेन ड्राइव्ह लावला. व्हॉल्यूम शून्य.

त्या दिवशी मी तो पिक्चर पहिल्यांदा नीट बघितला. आवाज नव्हता तरी काही अडलं नाही. सगळं चेहऱ्यांवर होतं. शेजारी ताईंचे ओठ हलत होते. त्यांना एकूण एक वाक्य पाठ.

म्हातारी कपाट उघडते. डब्यातल्या पापडांवर कोणाचे तरी बूट. ती बूट बाजूला ठेवते, एक पापड उचलते, हुंगते, थोडा विचार करते, आणि तळायला घेऊन जाते.

ताई हसल्या. चांगल्या मोठ्याने.

आणि दारात मावशी.

"काय चाललंय गो हे? घरात सुतक हाय ना?"

"मावशी, आवाज बंद आहे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मावशी उभ्याच. नजर टीव्हीवर. मग चटईच्या कडेला टेकल्या. थोड्या वेळाने हळूच विचारतात,

"हे कपाट कवाधरनं अडकलंय?"

"सुरुवातीपासून," ताई म्हणाल्या. "आता बघा मावशी, ती बाई घड्या घालायला येईल. इथे आलं की हे मला नेहमी म्हणायचे..."

पुढे आवाज आला नाही. नुसते ओठ हलले.

मग त्या रडल्या. मावशींनी त्यांचं डोकं छातीशी धरलं. मी पिक्चर बंद केला नाही.

रडवणारे पिक्चर मी पुष्कळ पाहिलेत. ते सगळ्यांना ठरलेल्या जागी रडवतात. या पिक्चरने ताईंना काहीच करायला लावलं नाही. त्यांना हसू आलं तेव्हा हसू दिलं, रडू आलं तेव्हा रडू दिलं. आम्ही घरभर माणसं असून आम्हाला ते जमलं नव्हतं.

मोठा पिक्चर आणखी कशाला म्हणतात, मला माहीत नाही.

त्या संध्याकाळी ताईंनी ताटभर वरणभात खाल्ला. मावशींनी वळला जाऊन सगळ्यांना सांगितलं, सुतकात टीव्ही लागला म्हणून. सांगू दे.

भाऊजी, ताई बऱ्या आहेत. आज त्यांनीच तुमचं पान वाढलं.
तुम्ही निवांत असा. सगळ्या घराचा तुम्हाला नमस्कार.