काळ्या लेपाखालची झाक

कटिंगबाई चाकू जमवतात हे कळलं की माणसं आधी जरा मागे सरकतात आणि मग हसतात. बाईंना दोन्हीची सवय झाली होती.

गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापडाचे थर कापण्यात त्यांची हयात गेली. नोकरी सुटली, पण नाव चिकटून राहिलं, आणि उजव्या अंगठ्याच्या बुडाशी कात्रीने दिलेली गाठही. त्या गाठीपायी बाजारातला एकही चाकू हाताला सोसेना. दोन कांदे चिरले की कळ थेट कोपरापर्यंत जायची. सोसेल असा चाकू शोधता शोधता चाकूंचाच नाद लागला. नवरा म्हणायचा, "दुखणं अंगठ्याला आणि वेड डोक्याला."

गावात चाकू जमवणाऱ्यांचं एक मंडळ होतं. वाचनालयाच्या माडीवर ते जमत. सगळे पुरुष, आणि एकट्या या. पातं काळ्या लेपाचं असावं की राखाडी, चकचकीत असावं की मंद, यावर ते असे तावातावाने भांडत, जणू घरच्या मुलीसाठी स्थळ बघताहेत. बाईंना लेप मुळीच आवडत नसे.

"ताई, लेप असला की गंजाची काळजी नाही. पुसायला नको, तेल लावायला नको," सेक्रेटरी समजावत. ते निवृत्त पोस्टमास्तर होते आणि सगळ्यांशी खिडकीच्या आतून बोलल्यासारखे बोलत.

"काळजीच घ्यायची नाही तर जमवता कशाला? भिंतीवर फोटो लावा."

"हे चाकू काही कांदे चिरायला नसतात हो."

"मग काय पाळण्यात घालायला असतात?"

हशा पिकायचा. पण बाईंना मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात कधी टेबल मिळालं नव्हतं. दरवर्षी त्या मागत, आणि दरवर्षी सेक्रेटरी म्हणत, पुढच्या खेपेला नक्की. या वर्षी त्या माडीच्या दारातच उभ्या राहिल्या. "टेबल नसेल तर मी जमिनीवर बसते, पण बसणार." शेवटी टेबल मिळालं.

त्यावर काय मांडायचं ते ठरलेलंच होतं. बाकीचे चाकू कडेला, आणि मधोमध लाडका. लाडका म्हणजे भंगारवाल्याच्या टोपलीत सापडलेलं वीतभर पातं, बिनमुठीचं. साधं पोलाद, वर कसलाही लेप नाही. मोडक्या खुर्चीच्या पायाचं लाकूड घेऊन बाईंनी त्याला मूठ केली होती. थोडं तासायचं, हातात धरून बघायचं, पुन्हा तासायचं. अंगठ्याची गाठ जिथे टेकते तिथे एक खळगा कोरला होता. त्या खळग्यात अंगठा बसला की हात दुखायचा विसरायचा. आणि पात्यावर कांद्या-लिंबाच्या रसाने एक निळसर-करडी झाक चढली होती, पावसाळी आभाळासारखी. अशी झाक वापरल्याशिवाय येत नाही, आणि ती आली की पोलाद लवकर गंजत नाही.

मुलाला ती झाक गंज वाटली.

मुलगा यंत्रांच्या सुट्या भागांवर लेप चढवणाऱ्या कंपनीत होता. आईला पहिल्यांदा टेबल मिळालंय म्हणून त्याने गुपचूप लाडका उचलला, कंपनीत नेला, काळा लेप फवारून भट्टीत भाजून घेतला, आणि प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी चहाच्या वेळी रुमालात गुंडाळून आईच्या पुढ्यात ठेवला.

"उघड ना, आई."

बाईंनी उघडलं. पातं तव्याच्या बुडासारखं काळं, आणि मूठ गुळगुळीत काळ्या रबराची.

"आता जन्मात गंजणार नाही," मुलगा म्हणाला. "मूठही नवीन बसवली. मस्त ग्रिप आहे."

"माझी मूठ कुठे आहे?"

"भट्टीत लाकूड घालता येत नाही ना. खिळे काढताना ती फुटली. तशीही झिजून खड्डा पडला होता तिला."

बाईंनी रबराची मूठ हातात धरली. गाठ नेमकी तिच्या फुगीर भागावर आली. त्यांनी चाकू खाली ठेवला.

"तो खड्डा मी कोरला होता."

मग सून पुढे झाली. "आई, त्यांनी किती प्रेमाने केलंय. दोन दिवस जेवायच्या सुट्टीत तेच करत होते."

"प्रेमाने केलंय, दिसतंय मला."

"मग?"

"मग काय? चाकू माझा होता. विचारायला तोंड नव्हतं?"

"अगं, सरप्राइज होतं!" मुलाचा चेहरा पडला. नवऱ्याने बाईंना डोळ्यांनी खुणावलं, सोड म्हणून. या घरात बाईंनी आजवर बरंच सोडलं होतं. पडद्यांचा रंग सोडला, स्वयंपाकघराची खिडकी सोडली, नव्या फ्रिजपायी चाकूंची मांडणी कॉटखाली गेली तेही सोडलं. त्या दिवशी मात्र त्यांनी नवऱ्याच्या डोळ्यांकडे बघितलंच नाही. उठल्या, हत्यारांच्या डब्यातून पक्कड आणली, आणि सगळ्यांसमोर चहाच्या टेबलावर रबराची मूठ उचकटायला बसल्या.

"आई! नवीन आहे ती!"

"नवीन आहे ना? मग लाव तुझ्या एखाद्या चाकूला."

"यापुढे तुझ्यासाठी मी काहीच करणार नाही," मुलगा उठत म्हणाला.

"कर की. विचारून कर."

तो आत गेला आणि दार जरा जोरात लागलं. सून चहाचे कप उचलू लागली, रोजच्यापेक्षा जास्त आवाज करत. नवरा म्हणाला, "एवढ्याशा गोष्टीसाठी पोराला दुखवलंस."

"एवढीशी होती तर त्याने हात कशाला लावला?"

दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या माडीवर पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं ओळीने लागली. कटिंगबाईंच्या टेबलावर मधोमध लाडका होता, बिनमुठीचा, मागच्या नुसत्या पट्टीला फडकं गुंडाळलेला, काळाकुट्ट. सेक्रेटरी फेरी मारत आले आणि खूश झाले.

"अरे वा! शेवटी लेपावर आलात तर! काम सुरेख आहे हो. कुणी केलं?"

"माझ्या मुलाने."

"मग असं करू. आपण हा तिकडे लेपांच्या विभागात ठेवू, मुलाच्या नावाने. मूठ नाही, त्यामुळे इथे तुमच्या टेबलावर तो अर्धवट दिसतोय."

त्यांनी हात पुढे केला. बाईंनी फडकं गुंडाळलेली पट्टी घट्ट धरली.

"अर्धवट आहे, आणि माझा आहे. इथेच राहील."

"अहो, पण लोक काय म्हणतील?"

"लोकांना मी सांगेन काय झालं ते."

मग त्यांनी पिशवीतून पॉलिश पेपर काढला, खरखरीत, आणि पात्यावर घासायला सुरुवात केली. लेप चिवट होता. कंपनीचं काम पक्कं होतं, पोराच्या हाताला नाव ठेवायला जागा नव्हती. अंगठ्यातून कळ निघाली तशी त्यांनी कागद डाव्या हातात घेतला. पांढऱ्या चादरीवर काळी भुकटी सांडू लागली.

"ताई, चादर! वाचनालयाची आहे ती!"

"धुऊन देईन."

"डाग नाही निघाला तर?"

"तर राहील."

लोक जमले. कुणी विचारलं, बाई, हे काय चाललंय? बाई घासता घासता सांगू लागल्या, अगदी पहिल्यापासून. भंगाराची टोपली, खुर्चीचा पाय, खळगा, भट्टी. काही हसले. एकजण म्हणाला, आमच्या आईने असं केलं असतं तर आम्ही बोललोच नसतो तिच्याशी. "नका बोलू," बाई म्हणाल्या, आणि घासत राहिल्या. टोकाजवळ, नखाएवढ्या जागेत, कोरं पोलाद उघडं पडलं होतं. झाक अर्थात गेली होती, ती पुन्हा पहिल्यापासून चढवावी लागणार होती.

जिन्यावर नवरा दिसला. एकटाच आला होता. गर्दीतून वाट काढत तो टेबलाशी आला, चादरीकडे आणि बायकोच्या काळ्या बोटांकडे बघत राहिला.

"तो नाही आला," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"रात्री नीट बोल त्याच्याशी."

"बोलेन. पण माफी मागणार नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी नवा कागद घेतला.