नमस्काराचं बटण

काल कपाट आवरताना लेकीच्या गेमचा जुना रिमोट हाती लागला आणि अंगठा आपोआप नमस्काराच्या बटणावर गेला. एका उन्हाळ्यात आमच्या दौंडच्या घरी ती टीव्हीवर काउबॉयचा गेम खेळायची. गेममधली, दोन महिने खरारा करून जपलेली घोडी रिमोटसकट माझ्या हाती देऊन ती कुकर बघायला उठली. "आई, सरळ रस्त्यानं ने. घोडी मेली तर परत मिळत न्हाई." आता समोरून माणूस आला आन् नमस्कार न करता पुढं जायचं, हे मला जमत नाही. बटण दाबून दोन शेतकऱ्यांना केला, एका म्हातारीला केला. मग आला फौजदार, आणि घाईत माझं बटण चुकलं. आमच्या काउबॉयनं थेट पिस्तूल रोखलं. मागून धाडधाड गोळ्या सुटल्या, मी घोडी नदीत घातली. लेक कुकर सोडून धावत आली. "आई, काय केलंस?" "जय भीम करत व्हते गं." नवरा पेपरामागून म्हणाला, "पोलीस आले तर सांगतो, बाई शेजारची हाय." पाण्यावर घोडीचं नुसतं डोकं दिसत होतं, लेकीनं माझा दंड घट्ट धरला होता. घोडी पलीकडं निघाली तेव्हा आम्ही दोघी सोफ्यावर उभ्या होतो. अजूनही शिरूरला जाताना नाक्यावर फौजदार दिसला की मी आधी दोन्ही हात पदराबाहेर काढून दाखवते, मग नमस्कार करते.