मुठीतला दोर

जळगावच्या एका डाळ मिलमध्ये मी विजेची कामं करायला जायचो, तेव्हाचा हा माणूस. नाव कधी विचारलं नाही. तिथे तुरीची पत्र्याची उंच कोठी होती. सगळे तिला सायलो म्हणत. ती किती भरली हे दाखवणारे दिवे मीच बसवले होते. पण दमट हवेत तूर आत चिकटून बसली, की एक गडी कमरेला दोर बांधून उतरे आणि बांबूने ती मोकळी करी. हा वर तोंडाशी उकिडवा बसून दोर धरी. मधूनमधून हळूच हिसका देई. आतून उलट हिसका आला, की मान हलवी.

एकदा गडी आत उतरलेला असताना मी त्याच्यासाठी चहा घेऊन वर चढलो. दोराचं टोक लोखंडी कठड्यालाही पक्कं बांधलेलं होतं.

"बांधलाय ना? मग सोडा की जरा, चहा गार होतोय," मी म्हटलं.

"कठडा दोर धरी ठेई, भाऊ. पन मझारना मानूस जित्ता शे का, हाई कठडाले समजत नही," तो कोठीच्या आत बोट दाखवत म्हणाला.

बोलता बोलता त्याने हिसका दिला. उत्तर आलं नाही. पुन्हा दिला. तो ओढायला उठला, तोच आतून खिदळण्याचा आवाज आला. गड्याने गंमत केली होती.

त्याने गड्याला वर ओढून घेतलं, एक सणसणीत शिवी हासडली आणि स्वतःचा चहा त्याच्या हातात दिला. मग कठड्याची गाठ सोडली. मुठीतला दोर मात्र, गडी बाहेरच्या शिडीने उतरून त्याचे पाय जमिनीला लागेपर्यंत, सोडला नाही.