सात वाजून वीस मिनिटं

पुरनलाल पटले कुणावर विश्वास ठेवत नाही, हे अख्ख्या फुलचूरला ठाऊक आहे. दूधवाल्याचं दूध तो घरच्या मापानं पुन्हा मोजतो, आणि प्रसादाचा पेढासुद्धा आधी हुंगून मग तोंडात टाकतो. दोष त्याचा नाही. तीस वर्षं त्यानं रेल्वे फाटकावर काढली. फाटक बंद केलं की फोनवरून स्टेशनमास्तरला एक नंबर सांगायचा, दोघांनी तो वेळेसकट वहीत लिहायचा, मगच गाडीला सिग्नल. तोंडी शब्दाला तिथं काही किंमत नव्हती.

त्या मंगळवारी सकाळी पोलीस आले आणि त्याच्या पोराला, टिकेशला, जीपमध्ये कोंबून घेऊन गेले. टिकेश राइस मिलमध्ये कामाला, आणि मिलच्या मोटारीतली तांब्याची तार चोरीला गेलेली. कागद नाही, काही नाही. आई सुखवंता रडत जीपमागे धावली. पुरनलालनं मात्र भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. सात वाजून वीस. मग आतल्या खोलीत जाऊन तो धानाची पोती एकेक करून उपसू लागला.

"काय पाहून राहिले जी?" परत आलेल्या सुखवंतानं विचारलं. त्यानं पुढचं पोतं ओढलं.

ठाण्यात पोराला भेटू दिलं नाही. "चौकशी चालू आहे," एवढंच उत्तर. आतून टिकेशचं ओरडणं ऐकू आलं. अटक केलेल्याला चोवीस तासांत कोर्टापुढे उभं करावं लागतं, हे त्याला माहीत होतं. पण ते तास कुठून मोजायचे हे हेच लोक ठरवणार, असा त्याला दाट संशय होता. तो तडक पोलीस अधीक्षकांच्या कचेरीत गेला, टिकेशला किती वाजता नेलं ते अर्जात लिहिलं आणि नकलेवर शिक्का आणि अर्ज मिळाल्याची वेळ मागितली.

"शिक्का भेटला न? आता टाइम कायले पायजे?" कारकून वैतागला.

"लेहा जी," म्हणत पुरनलाल टेबलासमोरून हलला नाही. एक नक्कल त्यानं गरिबांच्या केसेस फुकट लढणाऱ्या वकील मोनालीबाईंकडे नेऊन दिली.

बुधवारी दुपारी हवालदार अटकेचा कागद घेऊन बाहेर आला. त्यावर घरच्या माणसाची सही हवी होती. अटकेची वेळ लिहिली होती बुधवार, दुपारी एक. म्हणजे मंगळवार उगवलाच नव्हता, आणि कबुली निघेपर्यंत मारायला आणखी एक दिवस मोकळा.

"मार दस्तखत, बुढ्या. पोराले लवकर सोडतो."

पुरनलालला सही करावीशी वाटली. फार वाटली. हात पेनापर्यंत गेलाही. पण 'लवकर' म्हणजे किती वाजता, ते काही कागदावर नव्हतं. त्यानं खिशातून नक्कल काढली. मंगळवारचा शिक्का, वेळ अकरा वाजून पाच.

"चोवीस तास सकाळीच सरले, साहेब. असाच कागद वकीलबाईकडे हाय."

हवालदारानं तो दोनदा वाचला आणि आत गेला. अर्ध्या तासात टिकेश कोर्टाच्या वाटेला लागला. न्यायाधीशांनी त्याचे सुजलेले तळवे पाहिले, तशी नोंद केली, आणि संध्याकाळी जामीन दिला.

घरी सुखवंता त्याच्या तळव्यांना हळद लावत होती.

"बाबूजी," टिकेशचे डोळे भरून आले, "तुमाले माह्यावर भरवसा होता न?"

"नाही," पुरनलाल म्हणाला. सुखवंताचा हात थांबला. "तुले नेल्याबरोबर पोते उपसले म्या. तार सापडते का, पाहून राहिलो होतो."

टिकेशनं आईच्या हातातून पाय काढून घेतला. मग म्हणाला, "अन् सापडली असती त?"

"तरी टाइम सात-वीसच लेहला असता."