मागचं वजन

"तसं काय झालं न्हाई, मिस्त्री. जरासं वाकलंय."

हे वाक्य कानावर पडलं की आधी माझं डोकं तापायचं आणि मग मी पाना हातात घ्यायचो. मिरजगावात हायवेच्या कडेला माझं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. नाना दारात ट्रॅक्टर उभा करायचे, खाली उतरायचे, पुढच्या चाकाला चपलेच्या टोकाने हळूच ढोसायचे आणि हे म्हणायचे. चाक असं कललेलं असायचं की एसटीतले लोक खिडकीतून वळून बघायचे. नानांच्या लेखी ते जरासं.

नानांचं खरं नाव सांगत नाही. तुमच्याही गावात असा एक जण असणारच. ऐकताना मान डोलावतो, "बरोबर हाय तुमचं" म्हणतो आणि घरी जाऊन नेमकं उलटं करतो. नानांकडे मिनी ट्रॅक्टर होता, पुढे लोडर बसवलेला. म्हणजे दोन लोखंडी हात आणि त्यांना सुपासारखी मोठी बकेट. म्हशींचं शेण, उकिरड्यातलं खत, मुरूम, सगळं ते त्यानेच उचलायचे. त्यांच्या गोठ्यात जेसीबी शिरत नव्हता, हे शिरायचं. यंत्र चांगलं होतं हो! चालवणाऱ्याचीच बोंब होती.

पहिल्यांदा पुढचा एक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा, वाकला तो उकिरड्यात धडक मारून. वेगात आले आणि बकेट थेट ढिगात घुसवली.

"जोर लागाय नको का?" नाना म्हणाले.

"नाना, तो ट्रॅक्टर आहे, टकरीचा मेंढा नाही. ढिगापाशी हळू जायचं. चाकं सरळ ठेवायची. भरली की बकेट जमिनीलगत ठेवूनच मागे यायचं."

"बरोबर हाय तुमचं."

दुसऱ्यांदा त्यांनी शेजाऱ्याच्या विहिरीवरचं डिझेल इंजिन उचललं. बकेट डोक्याच्या वर धरली आणि उभ्या जागी स्टेअरिंग गरागरा फिरवलं. एक्सलही वाकला आणि चाकाची पिनही गेली. "लांब न्यायचं नव्हतं, मिस्त्री. बांधाच्या पल्याड ठिवायचं हुतं," हा त्यावरचा खुलासा. जसं काही एक्सल अंतर विचारूनच वाकतो!

त्या दिवशी मी त्यांना बाकड्यावर बसवलं. म्हटलं, "नाना, कावडीच्या एकाच टोकाला घागर बांधा आणि चालून दाखवा." ते हसले. "हसू नका. तुम्ही तेच करताय. पुढे सगळा भार, मागे काहीच नाही. मागची चाकं हलकी होतात आणि सगळं ओझं त्या एवढ्याशा पुढच्या एक्सलवर येतं. मागे वजन पाहिजे."

बोलून भागणार नाही हे मला ठाऊक होतं. मी ऑइलचा एक जुना ड्रम अर्धा कापला, त्यात गज आणि काँक्रीट भरलं, आणि नांगर जोडायच्या मागच्या दांड्यांना अडकेल असा पक्का करून दिला. अख्खा रविवार गेला त्यात. नानांनी ड्रमवर थाप मारली. "लई भारी काम केलं, मिस्त्री." ते ड्रम घेऊन गेले आणि मी महिनाभर निवांत झोपलो.

महिन्याने पुन्हा दारात. चपलेचं टोक, चाक, आणि "जरासं वाकलंय." मी आधी मागे जाऊन बघितलं. मागे काही नाही.

"ड्रम कुठाय?"

"हाय की गोठ्यात. रेडकू बांधलंय त्याला. लई दांडगं हाय, खुंटाच उपटून टाकतंय."

मी कपाळावर हात मारला. "आणि ट्रॅक्टरला मागे काय?"

"हाय की वजन. ड्रम न्हाई, पन वजन हाय," असं म्हणून त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. कसलं वजन ते काही सांगेनात.

मी काम करायलाच नकार दिला. ट्रॅक्टर दोन दिवस तसाच उभा. तिसऱ्या दिवशी फोन आला, नानांच्या बायकोचा. तोवर काकींचा आवाजही मी ऐकलेला नव्हता. "मिस्त्री, तुमचं भांडान ह्यांच्याशी. माझ्या म्हशींनी काय घोडं मारलंय तुमचं? श्यान साठलंय गोठ्यात." म्हशींशी कोण भांडणार! एक्सल बदलून दिला. पण अट घातली की वस्तीवर येऊन ड्रम मी स्वतः जोडणार.

चार दिवसांनी गेलो. आणि मागचं वजन बघितलं.

मागच्या दोन दांड्यांवर एक फळी दोरीने आवळलेली. फळीवर वाकळेची घडी. घडीवर काकी, नानांकडे पाठ करून, पाय खाली सोडून, एका हाताने मडगार्ड धरून बसलेल्या. नानांनी बकेट भरली. लिव्हरवर हात ठेवला आणि मान मागे वळवून विचारलं, "बसली का गं?"

"बसले. उचला."

मग लिव्हर ओढला. हे रोजचं होतं, दोघांच्या आवाजावरून कळत होतं.

मी ओरडलोच. "अहो, डोकं ठिकाणावर आहे का? मागची चाकं उचलली तर काकी आधी खाली पडतील! आणि माणूस पडलं की वजनही गेलं!"

नाना चाकाकडे बघत बसले. काकी मात्र हसल्या. "माझं वजन कमी पडतंय व्हय, मिस्त्री? उद्यापासून एक भाकरी जास्त खाते."

मग चहाला बसलो तेव्हा त्यांनीच सांगितलं. दोन्ही गुडघे गेलेले. उंबऱ्यापासून गोठ्यापर्यंत कशाबशा यायच्या. "लिंबं मी लावलेली, मिस्त्री. घागरीनं पानी घातलंय. चार वर्सं ती बाग दिसली न्हाई मला. ह्या फळीवर बसून बघितली. तुमचा ड्रम आला आन माझी जागाच गेली. म्हनून तर ह्यांनी त्यो काढून ठिवला."

आता सांगा, काय करायचं अशा माणसांचं? मी समजावलं. रानात न्यायचं तर काकींना ट्रॉलीत बसवून न्या, बांधावर सावलीत उतरवा, मग ट्रॉली सोडून ड्रम जोडा आणि काय उचलायचं ते उचला. सारखी काढघाल होईल, होऊ द्या.

"बरोबर हाय तुमचं," नाना म्हणाले.

या वाक्याचा अर्थ मला माहीत होता. तरी मी उठलो. रेडकू ड्रमला बांधलेलंच होतं, नाना ते सोडायला चालढकल करत होते, गॅरेजवर गिऱ्हाईक थांबलेलं होतं. काकींनी पिशवीभर लिंबं दिली ती घेतली आणि निघालो. ड्रम जोडायला गेलो होतो आणि लिंबं घेऊन आलो! माझं हे असंच. एकदा मनसोक्त ओरडून झालं की मला वाटतं काम झालं. त्याचा राग अजून येतो, आणि तो नानांवर येत नाही.

त्यानंतर दीड महिन्याने नानांनी ट्रॅक्टर टेम्पोत घालून आणला. एक्सल मधोमध तुटलेला. नाना खाली उतरले. चाकाला चप्पल लावली नाही. जरासं वगैरे काही म्हणाले नाहीत.

म्हशींची पाणी प्यायची दगडी डोण हलवायची होती. बकेट वर उचललेली असताना पुढचं चाक खड्ड्यात गेलं, एक्सल तुटला आणि मागची बाजू उचलली. काकी फळीवरून खाली आल्या. खुबा मोडला. नगरच्या दवाखान्यात होत्या.

मी आयुष्यभर पुरेल एवढं बोलायचं साठवून ठेवलं होतं. ते तसंच ठेवून मी जॅक काढला. नाना बाकड्यावर बसून म्हणाले, "मी इचारलं हुतं, मिस्त्री. बसली का म्हनून इचारलं हुतं. बसले म्हनली."

एक्सल बसवून दिला. मग वस्तीवर गेलो, रेडकू सोडलं आणि ड्रम माझ्या हाताने जोडला. नाना शेजारी उभे राहून पाना देत होते.

याला दोन वर्षं झाली. काकी घरी आहेत, पण खाटेवरून उठत नाहीत. आणि नाना गॅरेजवर आलेले नाहीत. यायचं कारणच उरलं नाही. टायरात हवा बरोबर, ग्रीस वेळेवर, ड्रम कायम मागे. मला जे हवं होतं ते सगळं झालं. तरी हायवेवरून मिनी ट्रॅक्टरचा आवाज आला की मी दाराकडे बघतो. वाटतं, नानांनी यावं, चपलेने चाकाला ढोसावं, मी तोंड भरून शिव्या द्याव्यात. एवढं साधं ऐकायला एवढं घडावं लागतं का हो?

मागच्या महिन्यात कर्जतला जाताना वस्तीच्या बांधापाशी गाडी थांबवली. नाना खत भरत होते, त्यांनी मला बघितलं नाही. ढिगापाशी हळू गेले. चाकं सरळ. बकेट खाली, बरोबर भरली. माझ्या हातून एवढं नीट झालं नसतं. मग लिव्हरवर हात ठेवला आणि मान मागे वळवली. मागे ड्रम होता.

उत्तर यायला जेवढा वेळ लागतो तेवढे थांबले, आणि मग लिव्हर ओढला.