एकनाथ घाडीच्या मागे

गिरण्यांच्या संपाला सात-आठ वर्षं झाली होती. आमची पलटण तेव्हा उत्तरेला, बर्फातल्या एका उंच रांगेवर होती. मी कंपनीच्या मुख्य पोस्टवर रेडिओ ऑपरेटर होतो. लान्स नाईक पास्कल डिसोझा, गाव मनोरी.

माझं काम बसून करायचं होतं. सकाळी उठून सेट चालू करायचा, पुढच्या पोस्टना एकेक करून हाक मारायची, उत्तर आलं की पुढे. बॅटरी थंडीने मरते, म्हणून दुसरी बॅटरी कोटाच्या आत, अंगाला लावून ठेवायची. सेटवर जेवढं लागेल तेवढंच बोलायचं. फालतू गप्पांना शिक्षा होती. पुढच्या पोस्टवरच्या माणसांची तोंडं महिना महिना दिसत नसत. नुसते आवाज. त्यांच्या आवाजावरून मला कळायचं, कुणाला सर्दी झालीय, कुणाला घरची चिठ्ठी आली नाही. पण विचारता यायचं नाही. "रॉजर, आउट" म्हणायचं आणि गप्प बसायचं.

नाईक सुधाकर परब मरोळचा. मुख्य पोस्टवर खाली आला की माझ्याच हटमध्ये झोपायचा. बाकीच्यांच्या लेखी मरोळ काय आणि मनोरी काय, सगळं 'बंबई'च. म्हणून आम्हाला एकत्र टाकलं होतं. परब बोलका. मी नाही.

"पास्कू, तू घाडीला खेळताना बघितलंयस?" हा त्याचा मला पहिला प्रश्न.

"कोण घाडी?"

"वाट लागली. स्वतःला मुंबईचा म्हणवतोस आणि एकनाथ घाडी माहीत नाही?"

"आमच्याकडे फुटबॉल खेळतात."

"म्हणून राहिलात तिकडेच, खाडीपलीकडे."

एकनाथ घाडी कबड्डीपटू होता. मरोळच्या एका मंडळाकडून खेळायचा, पुढे राज्याच्या संघात गेला. परब त्याच्याविषयी बोलायला लागला की स्टोव्हवरचा बर्फ वितळून, पाणी उकळून, चहा होऊन संपायचा, तरी तो बोलतच असायचा. घाडी चढाईला जाताना आधी मध्यरेषेजवळची माती कपाळाला लावतो. घाडीचा दम एवढा लांब की पंच घड्याळ बघतो. मी हूं हूं करायचो.

एकदा मात्र त्याने जे सांगितलं ते मी नीट ऐकलं. वडिलांची गिरणी बंद पडली, तेव्हा परब दहावी नापास होऊन नाक्यावर बसलेला असायचा. भरतीला गेला तर धावण्यात बाद झाला. त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने घाडीला आरे कॉलनीच्या रस्त्याला धावत जाताना पाहिलं. हा मागे लागला. बरंच अंतर ठेवून. तबेल्यांच्या बाजूने, झाडीतून, पार पलीकडच्या नाक्यापर्यंत आणि परत. मग रोज. वर्षभर तो घाडीच्या मागे धावला. दुसऱ्या भरतीत पहिल्या पाचांत आला.

"बोललास काय त्याच्याशी?" मी विचारलं.

"नाही रे. काय बोलणार? तो घाडी आहे."

"वर्षभर मागे धावलास आणि नाव पण सांगितलं नाहीस?"

"रिटायर झालो की सांगेन," परब म्हणाला.

ज्या दिवसाची गोष्ट सांगायची आहे, त्या दिवशी सकाळी हवा स्वच्छ होती. परब चार जवानांना घेऊन पुढच्या पोस्टला रॉकेल आणि रेशन पोहोचवायला निघाला. गस्तीच्या तुकडीचा कमांडर तोच, त्यामुळे छोटा सेट त्याच्या पाठीवर होता. जाताना माझ्या हटच्या दारावर थाप मारून गेला. मी सेटवर होतो, बाहेर आलो नाही.

दुपारच्या आधी त्याचा आवाज आला. सेटवर त्याच्या तुकडीचं नाव चार्ली, आमच्या पोस्टचं टायगर.

"चार्ली फॉर टायगर. ओव्हर."

"टायगर. बोला. ओव्हर."

"उतारावरचा बर्फ सुटला. मी खाली नाल्यात आहे. बाकी चौघं वर आहेत, ठीक आहेत, मी बघितलं. माझा पाय गेला. बहुतेक कंबर पण. ओव्हर."

मेजर साहेबांनी हँडसेट घेतला. परबने व्यवस्थित रिपोर्ट दिला. कुठून घसरला, नाला किती खोल वाटतो, वर काय दिसतं. सुभेदार साहेब दोर आणि स्ट्रेचर घेऊन आठ माणसांची पार्टी घेऊन निघाले. ते उतारापाशी पोहोचले तेव्हा धुकं उतरलं होतं. हातभर लांबचा माणूस दिसेना. त्यात वरचा बर्फ पुन्हा तडकला. दोन जवान कमरेपर्यंत गाडले गेले, त्यांना ओढून काढावं लागलं. मेजर साहेबांनी पार्टीला आणि वरच्या चौघांना मागे बोलावलं. तो हुकूम माझ्या तोंडून सेटवर गेला. परबच्या सेटवरही तो ऐकू गेला असणार. 

मेजर साहेब हटच्या दारात उभे राहून बाहेरच्या पांढऱ्याकडे बघत होते. मग माझ्याकडे वळले.

"डिसोझा, उसको सोने मत देना. बात करते रहो."

"क्या बात करूँ, सर?"

"कुछ भी."

इतकी वर्षं मला कमी बोलायला शिकवलं होतं. आता बोल म्हणत होते. मी हवा विचारली. मग पाय विचारला. तो "हो", "नाही" करत होता आणि दोन उत्तरांमधलं अंतर वाढत होतं. शेवटी मी म्हटलं, "परब, घाडीचं सांग. ओव्हर."

बराच वेळ नुसती खरखर.

"तुला कशाला? तू फुटबॉलवाला."

"सांग ना रे. त्याची सगळ्यात भारी मॅच कुठली? ओव्हर."

"पार्ल्याची," तो म्हणाला. "पार्ल्याची फायनल."

तो सांगायला लागला. तुकड्या तुकड्यांनी. मैदानाभोवती बांबू बांधले होते. गर्दी इतकी की पोरं शेजारच्या इमारतीच्या गॅलऱ्यांत. परब झाडावर होता. शेवटचं मिनिट, मंडळ एका गुणाने मागे, आणि चढाई घाडीची. समोर पाच जण. परब मधेच थांबला की मी विचारायचो, "मग? ओव्हर." तो ओव्हर म्हणायचं विसरायला लागला होता. मीही मग सोडून दिलं.

"डाव्या कोपऱ्यात शिरला. एकाला हात लावला. वळला, तर घोटा धरला रे त्याचा. मग कंबर. पाचही जण अंगावर. घाडी खाली. पण दम चालू आहे, पास्कू. मला झाडावर ऐकू येतोय. कबड्डी, कबड्डी..."

ते शब्द तो हळू आवाजात म्हणत राहिला. माझ्या मागे मेजर साहेब, सुभेदार साहेब, लंगरचा कुक, सगळे येऊन उभे होते. कुणाला मराठी कळत होतं, कुणाला नाही.

"हात लांब केलाय त्याने," परब म्हणाला. "रेषा इथे आहे. हात..."

"परब, मग? ओव्हर."

खरखर.

"परब, रेषेला हात लागला काय?"

मी विचारत राहिलो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मेजर साहेबांनी हँडसेट माझ्या बोटांतून सोडवून घेतला, एवढं आठवतं.

दुसऱ्या दिवशी धुकं उठलं. त्याला वर आणला. दुसरी बॅटरी कोटाच्या आत अंगाला लावलेली होती, शिकवल्याप्रमाणे. हेलिकॉप्टर आलं आणि त्याला घेऊन गेलं. संध्याकाळी मी सेट चालू करून पोस्टना हाका मारल्या. सगळ्यांनी उत्तर दिलं.

सुट्टी मला उन्हाळ्यात मिळाली. मनोरीला घरी एकटा बाप. तो पहाटे होडी घेऊन जायचा, आला की जाळं दुरुस्त करायचा आणि झोपायचा. आई माझ्या ट्रेनिंगच्या काळातच गेली होती. गावातली माणसं विचारायची, "काय पास्कू, बर्फ कसा असतो?" मी म्हणायचो, "थंड असतो." ती हसायची. मी धक्क्यावर बसून मार्व्याची फेरीबोट येता-जाताना बघायचो. कुणाशी बोलावं असं वाटत नव्हतं, आणि न बोलून राहवतही नव्हतं. डोक्यात एकच प्रश्न अडकला होता. रेषेला हात लागला काय?

मरोळला त्या मंडळाच्या मैदानावर जाऊन चौकशी केली. घाडी आता खेळत नाही, गुडघा गेला, बोरिवलीला राहायला गेला, असं कळलं. पत्ता तोंडीच मिळाला.

बोरिवलीला गेलो तर दार त्यानेच उघडलं. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. बनियन, वर दुमडलेली लुंगी, हातात रबरी पाइप.

"घाडी?"

"हां. थांबा, पाणी जायची वेळ झालीय. आत या. हा पाइप जरा पिंपात धरा."

मी पाइप धरून उभा राहिलो. तो लंगडत जाऊन बादल्या लावून आला. बायको गावी गेलेली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. पाणी गेल्यावर त्याने पाइप गुंडाळला आणि विचारलं, "कुठल्या मंडळाचे तुम्ही? सत्कार-बित्कार असेल तर मी येत नाही हां. आधीच सांगतो."

मी सगळं सांगितलं. इतकं सलग मी त्याआधी कधी बोललो नव्हतो. तो पिंपाच्या कडेला टेकून ऐकत होता. मी पार्ल्याच्या फायनलपर्यंत आलो आणि विचारलं, "हात लागला काय रेषेला?"

"नाही," घाडी म्हणाला. "हरलो आम्ही. चार बोटं राहिली."

 परबची ती सगळ्यात भारी मॅच होती.

"पण दम नाही सुटला," तो म्हणाला. "पंचाने शिट्टी मारली, मॅच संपली, ते पाच जण उठले अंगावरून, तरी माझा दम चालूच होता. मलाच थांबवता येईना. लोक हसायला लागले." त्याने गुंडाळलेला पाइप पिंपावर ठेवला. "एक जण नव्हता हसत म्हणजे, झाडावरचा."

मग त्याने विचारलं, "आरेच्या रस्त्याला मागे धावायचा, तो हा?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला वाटायचं, समोरच्या मंडळाने माझ्यावर पाळत ठेवलीय. म्हणून मी मुद्दाम वेग वाढवायचो. तो पण वाढवायचा. साला, सुटतच नव्हता." तो हसला, आणि हसू लगेच गेलं. "एक दिवस यायचा बंद झाला. मी दोन-तीनदा थांबून बघितलं. तेव्हापासून एकट्याने धावायचा कंटाळाच आला."

"भरती झाला होता," मी म्हटलं.

मी परबच्या आईकडे जाणार होतो. घाडीला म्हटलं, चला. तो एकदम नाही म्हणाला.

"काय तोंडाने येऊ? माझ्या मागे धावला नसता तर भरतीत बाद झाला असता. आज नाक्यावर बसलेला असता. जिवंत."

 मी चपला घातल्या. जिन्यात पोहोचलो तेव्हा वरून आवाज आला, "थांबा. शर्ट घालतो."

गोरेगावला उतरून आम्ही आरेमधून जाणारी बस धरली. घाडी खिडकीशी बसला होता.  तबेले मागे पडले, झाडी आली, तेव्हा त्याने एकदाच मान वळवून मागच्या काचेतून रस्त्याकडे बघितलं.

परबची आई चाळीच्या गॅलरीत तांदूळ निवडत होती. वडील वर्षापूर्वी गेले होते. मी ओळख सांगितली. सुधाकरच्या पलटणीतला, पास्कल. तिने माझा हात धरून आत नेलं.

"आनि हे?" तिने घाडीकडे बघून विचारलं. "हे पन मिल्ट्रीत?"

"नाय गे आये," घाडी म्हणाला. बोरिवलीपासून शहरातलं मराठी बोलणारा माणूस, तिच्यापुढे मालवणीत गेला. "मी नुस्तो कबड्डी खेळणारो. एकनाथ घाडी."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो उंबऱ्याबाहेरच उभा होता.

"घाडी तुमीच?" ती म्हणाली. "भायर कित्याक उभे? येवा, बसा."

तो जमिनीवर बसला. गुडघा वाकत नव्हता म्हणून एक पाय लांब करून. तिने आम्हाला चहा दिला. मग ती त्याच्यासमोर बसली.

"तो तुमच्या फाटसून धावता म्हनून सगळे सांगत," ती म्हणाली. "पन माका कदी दिसलो नाय. मी फाटेच, उजाडायच्या आदी, घरकामाक जायची. कसो धावायचो तो?"

घाडीने चहाचा कप खाली ठेवला. मला वाटलं, हा आता काहीतरी चांगलं बनवून सांगेल. पण तो खोटं बोलला नाही.

"आये, मी वळून बघूक नाय कदी. त्येचा तोंड माका म्हायत नाय." त्याने लांब केलेला पाय चोळला. "पन पाय आयकले. वरीसभर आयकले. डावो पाय जरा जोरात पडायचो त्येचो."

आईने पदर तोंडाला लावला. मग काढला.

"तोच तो," ती म्हणाली. "ल्हान असतानापासून. जिन्यार आयकूक इलो की मी भाकरी तव्यार टाकायची."

बाहेर कुणीतरी जिना चढत वर येत होतं. आम्ही तिघंही बोलायचं थांबलो आणि ती पावलं शेजारच्या दारात जाईपर्यंत ऐकत राहिलो.